ऑटोमेटेड गिअरबॉक्सचा क्लच का तापतो, आणि चढावर गाडी दम का सोडते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १५ वर्षं हातानं गिअर टाकून ट्रेलर चालवला, आता हाती आली १२ गिअरची ऑटोमेटेड गाडी. क्लचचं पेडलच नाही. चढावर ऐन मोक्याला ती गिअर बदलते आणि ओढ जाते. रॅम्पला मागे लावताना क्लच तापल्याचा इशारा येतो. सपाट रस्त्यावर आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा ११०० च्या पुढे जात नाही, त्यामुळे इंजिन घुसमटून लवकर जाईल अशी धास्ती वाटते. मग गाडी कायम मॅन्युअल मोडमध्येच चालवावी का?

कायम नको. पण काही ठिकाणी मॅन्युअल हवाच, आणि ती ठिकाणं ओळखता आली की तुमच्या तिन्ही तक्रारी बऱ्याच मिटतील. मी २० वर्षांहून जास्त काळ जड गाड्या चालवल्या आणि आता नव्या-जुन्या ड्रायव्हरांना याच गाड्यांवर बसवतो. जुन्या हाताच्या ड्रायव्हरांकडून मी ह्याच तीन गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकतो.

आधी क्लचचं बघू, कारण नुकसान तिथे सर्वांत लवकर होतं. ह्या गाडीला लोक ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात आणि तिथेच घोळ सुरू होतो. खऱ्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. तिथे तेलातून जोर पोचतो, त्यामुळे थोडा वेळ घसरण झाली तरी ती उष्णता तेल वाहून नेतं. ॲलिसन कंपनीचे गिअरबॉक्स तसे असतात. सतत थांबा-निघा करणाऱ्या कचरागाड्या, अग्निशमन गाड्या, बस यांत ते दिसतात. तुमच्या गाडीत तसं काही नाही. तुमच्याकडे तीच कोरडी क्लच प्लेट, तीच प्रेशर प्लेट, तेच फ्लायव्हील आणि तेच रिलीज बेअरिंग आहे. पूर्वी तुमचा डावा पाय जे करायचा ते आता हवेवर चालणारा ॲक्चुएटर करतो, एवढाच फरक. आत तीन मूळ गिअर, त्यांना दुप्पट करणारा स्प्लिटर आणि पुन्हा दुप्पट करणारी रेंज जोडून १२ होतात. मुख्य भागात बहुतेक ठिकाणी सिंक्रोनायझरही (गिअरचे वेग आपोआप जुळवणारे भाग) नसतात. कॉम्प्युटर इंजिनचा वेग मोजून जुळवतो आणि दात बसवतो. आपण दोनदा क्लच दाबून, कान देऊन जे जुळवायचो तेच काम आता सेन्सर करतो.

म्हणून हाफ क्लचनं, म्हणजे क्लच अर्धवट धरून घासत ठेवल्यानं, जे पूर्वी जळायचं ते आताही जळतं. फक्त पूर्वी पायाला थरथर जाणवायची, नाकाला वास यायचा आणि आपण आवरायचो. आता पाय ॲक्सिलरेटरवर आणि क्लच दूर कुठेतरी, त्यामुळे आपण त्याला घासतोय हे कळतच नाही.

किती घासतो ते एकदा हिशेबानं बघा. ४० टनांची गाडी, १०० मीटरला ८ मीटर चढ, आणि तुम्ही ब्रेक सोडून नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी जागच्या जागी धरून उभे आहात. खाली ओढणारा जोर होतो सुमारे ३ टनांचा. पहिला गिअर आणि आजकालचं उंच डिफरन्शियल (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे कमी फेरे लागणारं) धरलं तर क्लचवर साधारण ४०० न्यूटन-मीटर पिळ येतो. इंजिन ८०० वर फिरतंय, चाकं स्थिर आहेत, म्हणजे इंजिन देतंय ती सगळी ताकद क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. आकडा येतो तीसेक किलोवॅट. एक-एक किलोवॅटचे ३० हीटर त्या बंद डब्यात पेटलेत असं समजा. तिसऱ्या गिअरमध्ये हेच केलं तर उष्णता दीडपटीहून जास्त. रांग पुढे सरकायची वाट बघत अर्धा मिनिट असे उभे राहिलात तर इशारा येणारच. चढावर थांबायचं तर पायब्रेक किंवा हँडब्रेक. हिल होल्ड, म्हणजे चढावर ब्रेक आपोआप धरणारी सोय, असला तरी तो काही सेकंदच धरतो, तेवढ्यात निघायचं असतं.

आता रॅम्प. पहिल्या गिअरमध्ये इंजिन ६०० च्या आयडलला असताना क्लच पूर्ण बसला की गाडी ताशी सुमारे ३ किलोमीटरनं सरकते. त्याहून हळू जायचं तर क्लचला घसरावंच लागतं, दुसरा मार्ग नाही. चौथ्या गिअरनं निघालात तर हीच हद्द ६ किलोमीटरच्या आसपास जाते. बऱ्याच गाड्या रिकाम्या असताना किंवा आपण रिकाम्या आहोत असा त्यांचा समज असताना वरच्याच गिअरनं उचलतात. म्हणून रॅम्पला लावताना पहिला किंवा सर्वांत खालचा रिव्हर्स हातानं निवडा. ॲक्सिलरेटर हलका आणि एकाच जागी ठेवा, क्लच बसू द्या, गाडी आयडलवर सरकू द्या आणि वेग पायब्रेकनं सांभाळा. ब्रेक जास्त दाबलात तर ती स्वतःच क्लच सोडते. मग थांबा, पुन्हा एकदा सरका. इंच-इंच करत ॲक्सिलरेटर कुरवाळत राहण्यापेक्षा दोन-तीन टप्प्यांत थांबत जाणं क्लचला कितीतरी हलकं पडतं. काही उत्पादकांनी ह्याच अडचणीसाठी आणखी खालचे क्रॉलर गिअर दिले आहेत. व्होल्वोनं ते २०१६ साली आपल्या आय-शिफ्ट गिअरबॉक्समध्ये आणले, त्यात गाडी ताशी अर्धा ते दोन किलोमीटरनंही सरकते. अवजड यंत्रं वाहणाऱ्यांनी गाडी घेतानाच हा पर्याय मागावा, नंतर पस्तावण्यात अर्थ नसतो.

मी स्वतः एक क्लच असाच जाळलाय. भरलेला ट्रेलर, जागा अरुंद, मागे चढता रॅम्प. गाडी नवीन होती. पाऊण तास मी पुढे-मागे करत राहिलो. पहिला इशारा आला तेव्हा मला वाटलं सेन्सरची चूक असेल, कारण वास आला नव्हता. वास आला तेव्हा उशीर झाला होता. नंतर प्लेट उघडलेली पाहिली तर फ्लायव्हीलवर निळे डाग आणि बारीक चिरा. ते पाहून पोटात खड्डा पडला. तेव्हापासून इशारा आला की मी दहा-पंधरा मिनिटं थांबतो. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर, इंजिन चालू. मागे कोणी कितीही हॉर्न मारो.

चढावरची तक्रार मात्र खोलात जाऊन समजून घ्यायला हवी. तिथे ड्रायव्हर आणि गाडी यांचं खरं बिनसतं.

ह्या गाडीला आत्ता काय चाललंय ते छान कळतं. चाकाखाली चढ किती, इंजिन किती जोर देतंय, वेग वाढतोय की घटतोय. पुढच्या वळणानंतर काय आहे, समोरची गाडी दम टाकतेय का, चढ ५० मीटरवर संपतोय की २ किलोमीटर आहे, हे तिला दिसत नाही. तुम्हाला दिसतं. तुम्ही चढाच्या पायथ्याशीच गिअर खाली घेऊन ठेवायचात. ती वेग पडल्यावर घेते. वर तिचा एक स्वभाव असा की इंधन वाचवायला ती शक्य तिथे वरचा गिअर शोधते. मध्ये चढ जरा मऊ झाला की वर जाते, आणि तो पुन्हा ताठ झाला की फसते.

फसते म्हणजे काय होतं? गिअर बदलताना क्षणभर इंजिन आणि चाकं तुटलेली असतात. १०० मीटरला ६ मीटर चढ असेल तर भरलेली गाडी त्या एका सेकंदात ताशी २ किलोमीटरहून थोडा जास्त वेग गमावते. ताशी ८० ला हे जाणवत नाही. ताशी २५ ला चालली असेल तर जवळपास दहावा हिस्सा वेग गेला. त्यात वरचा गिअर टाकला म्हणून इंजिनचा वेग आणखी पाचव्या हिश्शानं खाली. आता इंजिन जोराच्या पट्ट्याखाली पडतं, गाडी पुन्हा खालचा गिअर मागते, पुन्हा एक सेकंद जातो. असं दोनदा झालं की गाडी चढावर उभीच राहते, आणि तिथून निघताना परत क्लचवर बोजा. दुसऱ्या तक्रारीतून पहिली जन्मते ती अशी. व्होल्वोनं २०१४ मध्ये ड्युअल क्लचचा गिअरबॉक्स आणला तो ह्याच खंडावर उपाय म्हणून. पुढचा गिअर आधीच बसलेला असतो आणि एक क्लच सुटताना दुसरा धरतो. नकाशावरून पुढचा चढ ओळखणारे क्रूझ कंट्रोलही २०१२ च्या सुमारास मोठ्या गाड्यांत येऊ लागले. त्यांचा फायदा खरा आहे, पण नकाशात समोरची बंद पडलेली गाडी नसते.

तुमच्या गाडीत हे दोन्ही नाही असं धरून सांगतो. चढ दिसला, त्याच्या आधीच, गाडीला अजून वेग असताना मॅन्युअलवर घ्या. एक किंवा दोन गिअर खाली, काटा १४०० ते १५०० वर, आणि तिथेच धरून ठेवा. चढ हलका झाला तरी वर जाऊ नका, माथा दिसेपर्यंत. खालचा गिअर घ्यायचाच असेल तर ताठ चढावर एकेक करून घेऊ नका, एकदम दोन घ्या, म्हणजे खंड एकदाच पडेल. माथ्यावर पोचलात की पुन्हा ऑटोवर सोडा. सपाटीवर तिच्यासारखे गिअर तुम्ही-मी दिवसभर टाकू शकत नाही. सकाळी आपलाही हात अचूक असतो, पण दहाव्या तासाला तोच हात आळसावतो. तिचा आळसावत नाही. म्हणूनच कायम मॅन्युअल नको म्हणालो.

गाडी आपलं वजन किती आहे याचा अंदाज घेते, तोही बहुतेक वेळा जोर आणि वेगवाढ यांचं गणित करून. माल भरून नुकतेच निघालात तर तो अंदाज पक्का व्हायला थोडं अंतर आणि काही गिअर जावे लागतात. तोवर ती स्वतःला अजून रिकामीच समजत असेल. लोडिंगच्या जागेतून बाहेर पडताच चढ असेल तर पहिला गिअर स्वतः निवडा. नवीन ड्रायव्हरांना ही गोष्ट कोणी सांगत नाही, आणि सकाळी फाटकावरच गाडी गचके खाते.

११०० आरपीएमची भीती मला समजते. आपण शिकलो त्या इंजिनांना जोर १४०० च्या पुढे यायचा, आणि ११०० ला टॉप गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की सगळी केबिन थरथरायची. आजची १३ ते १५ लिटरची इंजिनं वेगळ्या हिशेबानं बांधलेली आहेत. डिझेल फवारणाऱ्या कॉमन रेलचा दाब २००० बारच्या वर, टर्बो नियंत्रित, आणि पूर्ण टॉर्क (पिळाचा जोर) सुमारे १००० पासून १४०० पर्यंत सपाट. २५०० न्यूटन-मीटरचं इंजिन १००० वरसुद्धा साडेतीनशे अश्वशक्ती देतं. सपाटीला ताशी ८० ठेवायला त्याच्या निम्मीही लागत नाही. फेरे कमी तितकं घर्षण कमी, म्हणून डिझेल वाचतं. उत्पादकांनी डिफरन्शियल त्यासाठीच उंच केलं, आणि हे ऑटोमेटेड गिअरबॉक्समुळेच जमलं, कारण इतक्या अरुंद पट्ट्यात दिवसभर हातानं अचूक गिअर टाकणं कठीण.

घुसमट ओळखायची खूण वेगळी आहे. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलाय, काटा १००० च्या खाली आहे आणि अजून घसरतोय, तर ती घुसमट. ११०० वर हलक्या पायानं धावणं म्हणजे घुसमट नव्हे. मात्र दोन ठिकाणी काळजी घ्या. एक, लांब चढ आणि कडक ऊन. फेरे कमी म्हणजे पाण्याचा पंपही हळू फिरतो. पाण्याचं तापमान चढू लागलं तर एक गिअर खाली घेऊन इंजिनाला १५०० च्या आसपास फिरू द्या. ॲक्सिलरेटर आपोआप हलका होतो आणि तापमान उतरतं. दोन, गिअरबॉक्सचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा प्रोपेलर शाफ्ट. डिफरन्शियल ३.५५ ऐवजी २.६४ असेल तर तेवढ्याच ओढीसाठी शाफ्टवर आणि त्याच्या सांध्यावर, म्हणजे क्रॉसवर, पिळ तिसऱ्या हिश्शानं जास्त येतो. भरलेली गाडी झटक्यानं उचलली तर पहिला मार तिथेच बसतो. क्रॉसला ग्रीस वेळच्या वेळी हवं, आणि निघताना पायाखाली कडकन आवाज आला तर तो कानाआड करू नका.

उतारावर माझा आग्रह सर्वांत कडक असतो. इंजिन ब्रेकमागची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. क्लेसी कमिन्स हे कमिन्स कंपनीचे एक संस्थापक. १९३१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅहोन खिंडीतून ट्रकनं उतरताना त्यांचे ब्रेक गेले आणि खाली रेल्वे फाटकावर मालगाडी ओलांडत होती. थोडक्यात वाचले. तो अनुभव मनात धरून त्यांनी पुढे इंजिनालाच ब्रेक बनवायची युक्ती काढली, आणि जेकब्स कंपनीनं १९६१ मध्ये ती बाजारात आणली. पिस्टन हवा दाबत वर येतो, अगदी वर पोचताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो, आणि हवा दाबायला खर्चलेली ताकद परत न मिळता बाहेर निघून जाते. म्हणजे हा ब्रेक प्रत्येक फेऱ्याला काम करतो. जितके फेरे जास्त तितकी पकड जास्त. १८०० ते २१०० वर जी ताकद मिळते ती ११०० वरच्या दुपटीहून अधिक असते. इंधन वाचवणाऱ्या कमी फेऱ्यांची सवय उतारावर घेऊन गेलात तर इंजिन ब्रेक लावूनही गाडी सुटते, आणि मग सगळा भार ब्रेकच्या लायनरवर.

गाडी इंजिन ब्रेक लावल्यावर स्वतः खाली गिअर घेते हे खरं. पण घेताना इथेही तोच क्षणभराचा खंड असतो, आणि त्यात ब्रेक शून्य. १०० मीटरला ६ मीटर उतारावर एका सेकंदात वेग जवळपास २ किलोमीटरनं वाढतो. वेग आधीच जास्त असेल तर ती खालचा गिअर नाकारते, कारण इंजिन लाल पट्ट्यात जाईल. मग तुम्ही दांडा कितीही हलवा. उतार सुरू व्हायच्या आधी वेग उतरवा, मॅन्युअलवर गिअर निवडा आणि इको-रोल बंद करा. इको-रोलमध्ये गाडी हलक्या उतारावर स्वतः न्यूट्रल होते. लाटेसारख्या रस्त्यावर ते ठीक, घाटात नको. न्यूट्रलनं डिझेल वाचतं ही जुनी समजूत उताराला लागू नाही. गिअरमध्ये पाय उचलून उतरताना इंजेक्टर डिझेल सोडतच नाहीत, उलट न्यूट्रलला आयडलपुरतं जळतंच. आणि रस्ता ओला किंवा निसरडा असेल, त्यातही गाडी रिकामी, तर इंजिन ब्रेक सर्वांत खालच्या पायरीवर किंवा बंद. तो फक्त मागच्या ओढत्या चाकांना धरतो. ती चाकं सरकली की ट्रेलर केबिनला बाजूला ढकलतो.

चिखल-वाळूत गिअर मॅन्युअलवर एकाच जागी बांधून ठेवा. मध्ये बदलला की गती जाते आणि गाडी रुतते.

राहिली ती कुरकुर, जिला गिअरबॉक्स विनाकारण बदनाम होतो. गिअर पडत नाही, डिस्प्लेवर भलतीच अक्षरं, गाडी जागची हलत नाही. अशा वेळी मी आधी हवा आणि वीज बघतो. टाकीत हवेचा दाब पुरेसा नसेल तर क्लच ॲक्चुएटर हलणार नाही. बॅटरीचा व्होल्टेज स्टार्टरच्या वेळी खूप पडला तर कंट्रोल युनिट गोंधळतं. एकदा एक गाडी तीन दिवस अशी उभी होती आणि गिअरबॉक्स उतरवायची तयारी झाली होती. दोष निघाला अर्थच्या केबलला, टर्मिनलखाली हिरवा गंज धरलेला. क्लच प्लेट बदलल्यावर क्लचची धरण्याची जागा गाडीला पुन्हा शिकवावी लागते, ते कॅलिब्रेशन वगळलं तर नवी प्लेटही गचके देते. आणि बंद पडलेली गाडी ओढून न्यायची असेल तर आधी प्रोपेलर शाफ्ट सोडवा. इंजिन बंद असताना बहुतेक गिअरबॉक्समध्ये तेल वर चढत नाही, आणि कोरडे बेअरिंग काही किलोमीटरांतच जातात.

तुमच्या गाडीचा क्लच तापलाय, तेव्हा पुढच्या सर्व्हिसला प्लेटची झीज तपासून घ्या, डायग्नॉस्टिकवर ती वाचता येते. वर्कशॉपमध्ये ‘गिअर नीट पडत नाही’ एवढंच सांगू नका. कितव्या गिअरवरून कितव्यावर जाताना, काटा कितीवर, गाडी भरलेली की रिकामी, इंजिन थंड की गरम, चढ की सपाट, हे कागदावर लिहून द्या. ह्या पाच गोष्टी दिल्या की मेकॅनिकला नेमका तोच प्रसंग उभा करून बघता येतो, नाहीतर तो सपाट रस्त्यावर रिकामी गाडी फिरवून ‘काही दोष नाही’ म्हणून परत देईल.